कपाट फोडल्यानंतर

पहिला घाव पडदेवालीनेच घातला. हातोडा तिने नवऱ्याच्या कामाच्या पिशवीतून काढला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर लोखंडाशी झटापट करणारा माणूस. पण त्या सकाळी तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि प्रत्येक घावाला डोळे मिटत होता.

कपाट सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीला ठोकलेलं. जमिनीपासून छतापर्यंत, जाड फळ्यांचं, काळपट. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कपाट तसंच. घर म्हणजे एक खोली आणि पलीकडे एक माणूस वळेल एवढं स्वयंपाकघर. त्या खोलीचा मोठा घास कपाटाने गिळलेला. उरलेल्या जागेत पलंग, तिचं शिलाईचं मशीन आणि दोन जिवंत माणसं. एकाने कूस बदलायची म्हटली तर दुसऱ्याला उठून बसावं लागायचं.

ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती. मापं घ्यायला लोकांच्या घरी जाऊन जाऊन खोली मोठी दाखवायच्या सगळ्या युक्त्या तिला पाठ झाल्या होत्या. पडदा खिडकीच्या चौकटीला नाही, थेट छताला लावायचा, म्हणजे छत वर सरकल्यासारखं वाटतं. भिंती आणि छत एकाच पांढऱ्या रंगाचे. खिडकीसमोर आरसा. आणि जमिनीला टेकणारं सामान जेवढं कमी तेवढं बरं. परक्यांच्या खोल्या मोठ्या करून ती घरी यायची आणि स्वतःच्या घरात अंग तिरकं करून दारातून आत शिरायची.

"राहू दे गं," नवरा दर वेळी म्हणायचा. का, ते सांगायचा नाही.

फळी निघेना. तिने हातोडा उलटा धरून खिळा उपटायला घेतला, तसा हातोडा सटकला आणि तिचा तळवा फाटला. रक्त मनगटावरून ओघळलं. नवरा पुढे आला. तिला वाटलं, आता हात बांधेल. पण तो कपाटाच्या दाराकडे बघत होता. दाराची कड कमरेएवढ्या उंचीवर चेचलेली होती. तिथला रंगही गेला होता.

"इथे डोकं आपटायचे बाबा," तो म्हणाला.

"तुमचं?"

"त्याचं. मार खरा माझा असायचा. तो मध्ये यायचा."

'तो' म्हणजे तिचा धाकटा दीर. सगळी वस्ती त्याला रेडा म्हणायची. तीन माणसांची छाती एकट्याला, आणि मान जवळजवळ नाहीच. एका नाचगाण्याच्या हॉटेलाच्या दारावर तो उभा राहायचा आणि जास्त झालेल्या गिऱ्हाइकांना कॉलर धरून रस्त्यावर फेकायचा. तिने त्याला लग्नात पाहिलं होतं, नंतर क्वचितच.

नवऱ्याने तिच्या हातातला हातोडा घेतला. मग जे काही झालं त्याला कपाट काढणं म्हणता येणार नाही. तो फळ्यांवर तुटून पडला. लाकूड निघालं, त्यामागचा गिलावा निघाला, तरी तो भिंत ठोकतच होता. शेजारीण धावत आली तेव्हा कुठे थांबला. पडदेवालीला त्या वेळी त्याचं कौतुकच वाटलं. चला, एकदाचं पोटातलं बाहेर पडलं, असं वाटलं तिला.

पुढे सगळं भराभर झालं. भिंती पांढऱ्या झाल्या. पलंग बिजागऱ्यांवर भिंतीला टांगला. दिवसा वर उचलून कडी लावायची. छतापासून जमिनीपर्यंत पांढरा, पातळ पडदा. समोर भिंतभर आरसा. आजूबाजूच्या बायका बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, हे तुझंच घर ना?" एक म्हणाली. पडदेवाली दोन्ही हात पसरून खोलीच्या मधोमध उभी राहिली. हात कशालाच लागले नाहीत.

बातमी रेड्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. हॉटेलात त्याने एका गिऱ्हाइकाची बरगडी मोडली होती, त्यामुळे नोकरी गेली आणि तिच्याबरोबर मागची राहायची खोलीही. एका सकाळी तो दारात उभा राहिला. खांद्यावर ठोसे मारायची भली मोठी चामडी थैली, हातात बॅग.

"अरे वा दादा! मैदान केलंस की घराचं," तो म्हणाला. "वहिनी, इथे तर घोडा बांधता येईल."

"घोडा नको भाऊजी," ती हसून म्हणाली. "पाणी घ्या."

पाणी पिऊन तो गेला नाही. नवरा मान खाली घालून म्हणाला, "काही दिवस राहील. आता जागा आहे ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं जागा नव्हती म्हणून मूलसुद्धा लांबणीवर टाकलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून ती गप्प बसली. ज्याने आपल्या वाटणीचा मार खाल्ला, त्याला हा माणूस दारातून परत कसा पाठवणार?

रेड्याने पहिल्याच दिवशी छतात आकडा ठोकला आणि थैली खोलीच्या मधोमध टांगली. सकाळ-संध्याकाळ धप्प, धप्प, धप्प. गिलाव्याचा चुरा तिच्या कापडावर पडायचा. खालचा शेजारी भांडायला आला, तर रेड्याने त्याला जिन्यावरून असं ढकललं की त्याचा दात पडला. मग कुणीच आलं नाही. चेष्टा म्हणून तो भावाची मान काखेत दाबायचा, त्याचा चेहरा जांभळा होईपर्यंत, आणि मग सोडून हसायचा. नवराही हसायचा. खोकत खोकत.

"तुम्ही बोलत का नाही त्यांना?" ती विचारायची.

"मनाने वाईट नाही गं तो."

"मन मला कुठे दिसतंय? मला हात दिसतात."

एका दुपारी ती मशीनवर होती. दुकानातली मोठी ऑर्डर होती, मोतिया रंगाचे रेशमी पडदे. रेडा ठोसे मारत होता, अंगात बनियन, पट्ट्या न बांधलेल्या मुठी. बोटांची सालं निघून रक्त येत होतं. त्याने थांबून इकडेतिकडे बघितलं, हाताला आलं ते कापड उचललं आणि त्याला मुठी पुसल्या.

तिने मशीन थांबवलं. तयार झालेल्या पडद्यावर लाल फराटे.

"चालते व्हा," ती म्हणाली.

"काय?"

"बॅग उचला आणि चालते व्हा. आत्ता."

"वहिनी, धुऊन टाका की. केवढंसं ते."

ती उठली. हातात कापड कापायची मोठी कात्री होतीच. ती त्याच्याकडे गेली नाही, थैलीकडे गेली आणि वरपासून खालपर्यंत थैली फाडली. आतल्या चिंध्या आणि वाळू धबाधबा त्या पांढऱ्या खोलीत सांडली.

रेडा क्षणभर वाळूकडे बघत राहिला. मग त्याने तिचे केस धरले. तिला नुसतं एवढंच कळलं की जमीन पायाखालून गेली. कपाळ आरशावर आदळलं, काच तडकली, पुन्हा आदळलं. एका डोळ्यात रक्त उतरलं. तिने कात्री मागे फिरवली. ती त्याच्या मांडीत घुसली आणि तिथेच राहिली. तो बैलासारखा ओरडला, पण केस सोडले नाहीत. तिचा हात चाचपडत इस्त्रीवर गेला. इस्त्री तापलेली होती. तिने ती त्याच्या दंडावर दाबली. चरचर झालं, जळक्या कातडीचा वास आला आणि तिचे केस सुटले. मात्र पुढच्याच क्षणी त्याचा पंजा तिच्या गळ्याभोवती होता. तिने पडदा धरला. वरचा दांडा छतातून उखडून दोघांवर कोसळला. त्या पांढऱ्या कापडाखाली तो तिचा गळा दाबत होता आणि तिला त्याचा चेहराही दिसत नव्हता.

नवरा दुपारचा घरी कधी येत नसे. त्या दिवशी तो पलीकडच्याच इमारतीत कामाला होता, आरडाओरडा ऐकून शेजारणीने फोन करून त्याला बोलावलं.

तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. हाड मोडल्याचा. गळ्यावरचा पंजा सैल पडला. तिने कापड ओरबाडून बाजूला केलं. नवरा लोखंडी पाना घेऊन उभा होता आणि रेडा गुडघा धरून वाळूत लोळत होता.

"दादा, बस! बस झालं!" रेडा ओरडला.

नवऱ्याने दुसरा घाव गालावर घातला. दात उडाले. तिसरा खांद्यावर. रेड्याने हात वर केला नाही. एवढा मोठा गडी, पण त्याने अंगाचं मुटकुळं केलं आणि डोकं दोन्ही हातांत झाकलं.

"रडायचं नाही!" नवरा बोलत होता. आवाज त्याचा नव्हताच. जाड, थंड, प्रत्येक शब्द तोडून बोललेला. "रडलास तर अजून दोन. मोज. मोठ्याने मोज!"

आणि रेडा खरंच मोजू लागला. रक्ताने भरलेल्या तोंडाने.

"अहो!" ती किंचाळली. त्याला ऐकूच गेलं नाही. "ए! सोड! मरेल तो, सोड!" ती त्याच्या पाठीवर पडली, त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. पाना पडला. तो वळला, हात वर उगारलेला. त्या नजरेत ओळख नव्हती. मग हळूहळू आली, आणि तो खाली बसला.

जबड्याला टाके, गुडघ्यात सळई, मांडी शिवलेली. रेड्याने पोलिसांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. शिपायाने पडदेवालीच्या गळ्यावरचे वळ पाहिले. "तुम्हीही जिन्यावरूनच का?" त्याने विचारलं. तिने नीट विचार केला. मग सगळं खरं सांगितलं, आधी रेड्याचं आणि मग नवऱ्याचंही. गुन्हा दोघांवर नोंदला गेला. नवऱ्याने नाकारला नाही. जामिनावर सुटून आला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच रेड्याला भेटायला गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो खाटेवर पडला होता, चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला.

"मी मारून टाकलं असतं तुम्हाला," तो म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हते. "दादा आला नसता तर."

"माहीत आहे."

"मला वाटायचं, म्हातारा मेला तो माझ्यात शिरला. दादा सुटला." त्याने मान भिंतीकडे वळवली. "मोजायला बाबाच लावायचे. मी मोजायचो. दादा कपाटात लपून ऐकायचा."

तिची माफी मागितली नाही त्याने, आणि तिनेही दिली नाही. उशाशी पाण्याचा पेला होता तो त्याच्या हाताला येईल असा सरकवला आणि निघाली.

घरी नवरा काचा गोळा करत होता. वाळू अजून कोपऱ्यात होती. छतात दांड्याच्या जागी दोन भोकं. पण खोली खरोखरच मोठी दिसत होती. त्यात बसलेला तो फार लहान वाटला.

"मी दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला जातेय," ती म्हणाली. "मालकिणीशी बोलले आहे."

"मी तुला वाचवलं गं."

"हो. वाचवलंत."

"मग?"

"त्यानंतरचं बोलतेय मी. तुम्ही वळलात तेव्हा हात उगारलेला होता. मी आहे हे तुम्हाला कळत नव्हतं."

तो काचा गोळा करत राहिला. हातातल्या काचेने बोट कापलं होतं, त्याच्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. तिने फडकं आणून दिलं. बांधलं मात्र त्याने स्वतःच.

"तो कसा आहे?" त्याने विचारलं.

"जा आणि बघा."

"मला नाही जमणार."

"मी दवाखान्याच्या दारापर्यंत येते. आत तुम्ही जायचं."

तो उठला. शर्ट बदलला, बटणं चुकीच्या काजात गेली, ती त्याने परत काढून लावली. तिने बॅगेत कपडे भरले, मशीनवरचे डागाळलेले पडदे घडी करून वर ठेवले आणि कुलूप लावलं. जिन्यावरून उतरताना तो पुढे होता आणि ती चार पायऱ्या मागे. खालच्या शेजाऱ्याने दार किलकिलं करून पाहिलं आणि पटकन लावून घेतलं. रस्त्यावर आल्यावर नवरा तिच्यासाठी थांबला, तसं ती म्हणाली, "चला तुम्ही, मी येतेय," आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली.