मामंजी खाकरले

चोपन्न साली पिंपरीला नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथं विटा पोचवताना निघोजेतले आमचे शेजारी सोपानराव बैलगाडीवरून पडले आणि मणका मोडून बसले. पुण्याला ऑपरेशन झालं, बगलेपासून कमरेपर्यंत प्लास्टर चढलं. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "मणक्याचं मी पाहिलं, आता छाती तुम्ही सांभाळा. पडून राहिलं की फुफ्फुसात कफ साठतो, मग हृदय दमतं. अधूनमधून मुद्दाम खोकत जा."

फुकटचं औषध, पण आमच्याकडे खोकण्यालाही अब्रू असते. घरातला वडीलधारा खाकरला, की सुनांनी पदर सावरून आत जायचं. सोपानराव तर या रीतीचे मुकादम! त्यांची खाट ओसरीवर, आणि सुनांचं निवडणं-पाखडणंही तिथंच. मामंजी खोकले, की थोरली सूप टाकून आत, धाकटी तिच्या मागं. दाणे कोंबड्यांनी खाल्ले, भाकरीला उशीर होऊ लागला.

शेवटी त्यांची बायको गोजाबाई म्हणाली, "आवं, सारखं खाकरताय. पोरींनी कामं कवा करायची?"

सोपानराव समजूतदार. त्यांनी खोकणं बंद केलं. 'बसा गं, उठू नका' एवढं सुनांना सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. रीत मोडली असती ना. मणका मोडलेला चालतो.

गाव भेटायला येई आणि खूश होऊन जाई. "खोकला पार गेला की," मालोजी म्हणाला. छातीत घरघर सुरू झाली होती, ओठ काळे पडत होते. पण प्लास्टर कसं पांढरंशुभ्र होतं.

एका दुपारी गोजाबाई नदीवर धुण्याला गेली होती. सोपानरावांचा श्वास अडकला. हाक मारायला गेले, तर नुसता खोकलाच बाहेर आला. सुना शिस्तीत उठून आत गेल्या. ते पुन्हा खोकले. दाराआड थोरली धाकटीला म्हणाली, "पाव्हणं आल्यात वाटतं."

गोजाबाई पिळे घेऊन परतली, तेव्हा ओसरी शांत होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना सरपंच अर्जुनराव समाधानानं म्हणाले, "मणका मातुर बेस जुळला व्हता." त्यांच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं.

परवा मी सोपानरावांच्या दारात रीतीप्रमाणे खाकरलो. सुना रीतीप्रमाणे आत गेल्या. गोजाबाई मात्र तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत ओसरीवर आली. तिनं आधी रिकाम्या खाटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमी व्हय," ती म्हणाली.