अर्जुनअण्णांचा शोकप्रस्ताव

आपल्या खडकटाकळी नगरपंचायतीत गेल्या वर्षभरात एकही खुर्ची हवेत उडाली नाही. आधी दर सभेला उडायची. मग नवे मुख्याधिकारी आले, त्यांनी खुर्च्या नटबोल्टनं फरशीत ठोकल्या अन् भिंतीवर पाटी लावली, 'एकमेकांचा मान राखा.' तेव्हापासून आपले सतरा नगरसेवक इतके सभ्य झाले, की गावात काही होईचना.

प्रभाग नऊच्या आम्रपालीताईंचा विषय एकच. मंगळवारच्या बाजारात बायांसाठी मुतारी. कागदावर 'महिला स्वच्छतागृह'. बाजारात मेथी विकणारी चतुराबाई सकाळी सहाला येऊन बसते, सांजच्या सहाला उठते. मधी पाण्याचा घोट घेत नाही.

"पाणी प्यावं तर जावं कुठं, ताई?" ती म्हणायची. "पंडितरावाच्या हापिसामागं?"

पंडितराव म्हणजे उपनगराध्यक्ष. त्यांचं 'जनसेवा संपर्क कार्यालय' हे पत्र्याचं शेड नेमकं मुतारीच्या जागेवर उभं. जागा नगरपंचायतीची, सेवा पंडितरावांची. पण माणूस सभ्य. विरोधाचा शब्द कधी तोंडातून काढला नाही. "ताईंचा विषय लई जिव्हाळ्याचा हाय," असं म्हणून पहिली टाळी तेच वाजवायचे. विषय मतदानाला यायच्या आधी कोणीतरी मरायचं, एवढंच.

आपल्याकडची रीतच आहे. गावातलं मोठं माणूस गेलं की सभेच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव, दोन मिनिटं उभं राहायचं, अन् मान म्हणून सभा तहकूब. जानेवारीत पंडितरावांचे मावस सासरे गेले. फेब्रुवारीत एका माजी सभापतींच्या मातोश्री. प्रस्ताव दोन्ही वेळा पंडितरावांनीच मांडला, डोळे पुसत. मयताच्या विरोधात हात कोण वर करणार?

आता मार्चची तीस तारीख. एकतीसला मुतारीचा निधी परत जाणार, अन् नवी सभा बोलवायची तर सात दिवसांची नोटीस लागते. म्हणजे आज झालं तर झालं.

ताईंनी तयारी पक्की केली होती. घरोघर फिरून, नऊ ठिकाणी चहा पिऊन नऊ मतं गोळा केली. शिवाय गावातल्या सत्तरीच्या पुढच्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची तब्येत विचारून आल्या.

"मामा, बरं हाय ना? गोळ्या घ्या येळेवर. तीस तारखेपर्यंत तरी जपा."

माजी नगराध्यक्ष अर्जुनअण्णांच्या घरीही गेल्या. अण्णा अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होते. ताई निर्धास्त घरी आल्या.

सभा अकराला. मंगळवार असूनही चतुराबाई मेथीच्या जुड्या शेजारणीवर सोपवून आली, मागच्या बाकावर बसली. नगराध्यक्षा वनमालाताईंनी घंटी वाजवली. लिपिक रामहरीनं पहिला विषय वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात पंडितराव हात जोडून उभे राहिले.

"माननीय अध्यक्षा, सांगताना जीभ रेटत न्हाई. आपले अर्जुनअण्णा आपल्यातून गेले."



झालं असं होतं. सकाळी अण्णांच्या नातवानं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांचा हसरा फोटो टाकला. नुसता फोटो, खाली अक्षर नाही. नगरसेवक अजिनाथ सकाळी अर्धवट झोपेत, कोणाचाही फोटो दिसला की 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकतात. सवय. त्यांच्यामागं बेचाळीस जणांनी तेच टाकलं. खरंच गेले का, असं कोणी विचारलं नाही. विचारायचं कसं? बरं दिसतं का ते?

ताई उठल्या. "मी म्हणते, एकदा त्यांच्या घरी फोन लावून..."

"फोन?" पंडितराव हळहळले. "घरात मयत असताना फोन करून इचारायचं, की मेले का म्हणून? ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा न्हवती."

"आवो, पण मागच्या आठवड्यात अण्णा उड्या मारत होते!"

"मरणाला काय वेळ लागतो का?" अजिनाथ म्हणाले. "मुतारीपायी माणसाचं मरण लांबवता का तुमी?"

सगळ्या सभागृहानं च्च च्च केलं. मुख्याधिकारी साहेबांनी नुसती पाटीकडं मान वळवली.

वनमालाताई म्हणाल्या, "शोकप्रस्ताव अन् सभा तहकुबी, अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

सोळा हात वर गेले. ताईंचे नऊ चहावालेही त्यात. सगळ्यांच्या माना ताईंकडं वळल्या. ताईंनी मागं चतुराबाईकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं. उजवा हात आपसूक वर गेला.

सतरापैकी सतरा. एकमतानं मंजूर.

सगळे माना खाली घालून उभे राहिले. त्याच वेळी दारात अर्जुनअण्णा आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा बॉक्स. पंच्याहत्तरावा वाढदिवस होता त्यांचा. सभागृह उभं बघून अण्णांनी पेढे काखेत धरले, टोपी काढली अन् तेही मान खाली घालून उभे राहिले. पूर्ण दोन मिनिटं. माणूस जुना, रीत मोडणारा नाही.

दोन मिनिटं संपली. अण्णांनी टोपी घातली.

"कोण गेलं बे?"

तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. अजिनाथ बुटाची लेस बांधायला लागले, चप्पल घालून आलेले असून.

शेवटी रामहरीनं रजिस्टर छातीशी धरलं. "तुमीच, अण्णा."

"मी? कवा?"

"सकाळी."

ताई पळतच पुढं आल्या. "अण्णा, बरं झालं आलाव! आता सांगा यांना तुमी जित्ते हाव. म्हंजी ठराव रद्द होईल, सभा पुढं चालंल. साहेब, होईल ना?"

मुख्याधिकारी साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं. "सभा तर तहकूब झाली. तरी अण्णांनी आताच लेखी हरकत दिली, तर बघता येईल."

"द्या अण्णा, कागद देते मी," ताई म्हणाल्या.

"अगोदर वाचू तर दे काय लिव्हलंय," म्हणत अण्णांनी रजिस्टर ओढलं. चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं, "'निष्कलंक चारित्र्य... गोरगरिबांचा आधारवड... खडकटाकळीचे शिल्पकार... त्यांची पोकळी कधीही भरून निघणार नाही.'" अण्णा थांबले. डोळे भरून आले. "पंडित, तू मांडलंस हे?"

"होय अण्णा."

"तूच माझ्यावर अविश्वास ठराव आणलतास ना बे?"

"ते जिवंतपणीचं, अण्णा."

"अन् हे एकमतानं?"

"सतराच्या सतरा," रामहरी म्हणाला.

अण्णांनी पुसून पुसून चष्मा लख्ख केला. "तीस वर्सं राजकारण केलं. एक ठराव एकमतानं झाला न्हाई माझा. हा ऱ्हाऊ द्या."

"आवो अण्णा!" ताईंचा आवाज फाटला. "उद्या निधी परत जातोय. दोनशे बाया हायेत बाजारात. नुसती सही करा, मी जिवंत हाय म्हणून."

"पोरी, तुझं काम चांगलंच हाय. पण सतरा जणांनी दिलेला मान परत करायचा म्हंजी सगळ्यांचा अपमान की." अण्णा रामहरीकडं वळले. "मला याची शिक्क्याची नक्कल पायजे. फ्रेम करायची हाय."

पंडितरावांनी पहिली टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. साहेबांनी पुस्तक मिटलं. समोरून दगड आला असता तर ताईंनी दगड उचलला असता. पण अण्णांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "सुखी ऱ्हा." आता काय करावं बाईनं?

अण्णा पेढे वाटत मागच्या बाकापर्यंत आले. "घे चतुरा. वाढदिवस हाय माझा."

"औक्षवंत ऱ्हा," चतुराबाई म्हणाली. पण हात काही पुढं केला नाही.

"घे की. कावून न्हाई म्हणतीस?"

"पेढा खाल्ला की तहान लागती, अण्णा," ती पदर सावरत उठली. "अन् बाजार उठायला अजून लई येळ हाय."