खालच्या कप्प्यातले हार

मित्रांनो, मी एक जुना सरकारी फ्रीज आहे. जुना म्हणजे निकामी नव्हे. निकामी असतो तर एव्हाना लिलावात सुटलो असतो.

घाटंजीकडच्या एका आरोग्य केंद्रात मी आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. दारावर पाटी लागली : 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत.' वर बाळांच्या लसी, खालच्या कप्प्यात सर्पदंशाची लस. नाहिद सिस्टर सकाळ-संध्याकाळ माझं तापमान बघत. स्वतःच्या पोरांचा तापही त्यांनी इतक्या निगुतीने पाहिला नसेल.

कापसाच्या दिवसांत माझा मान वाढे. भाव पडला की आमच्याकडे लोक कापूस विकत नाहीत, घरातच भरून ठेवतात. घर भरलं की माणसं त्याच ढिगाला टेकून झोपतात. सापालाही ऊब कळते. माझ्या खालच्या कप्प्याने अशी पुष्कळ माणसं आपल्या पायांनी घरी पाठवली.

मग मुंबईत काटकसर ठरली. आरोग्याच्या तरतुदीला कात्री लागली. आमच्या आमदारसाहेबांनीही त्यासाठी हात वर केला. हात वर करायला खर्च येत नाही. माझा खालचा कप्पा रिकामा झाला. केंद्राला नवी कमान मात्र मंजूर झाली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शिपाई श्रावणने झेंडूचे हार आणून माझ्या पोटात कोंबले.

"काहून रे, पाटी दिसत नाही?" सिस्टर ओरडल्या.

"हाराले कोण खाते, सिस्टर? अन् कप्पा रिकामाच हाय नं."

त्याच दिवशी, दिवेलागणीला, तांड्यावरचा रूपसिंग बायकोला पाठीवर घेऊन आला. बिजलीबाईला कापसाच्या ढिगातला साप चावला होता. तिच्या पापण्या मिटत होत्या, तरी तोंड चालूच होतं. "मले काही होत नाही, सिस्टर. मी नसली तं हा बुवा कापूस मातीमोल इकून टाकन."

सिस्टरांनी सवयीने माझं दार उघडलं. आत हार होते.

रूपसिंगनेही वाकून पाहिलं. "बिघडला काय जी हा?"

"नाही भाऊ. मस्त चालू आहे."

सिस्टरांनी तिला गाडीने यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. वाटेत श्वास अडकू लागला, म्हणून गाडी एका खासगी दवाखान्याशी थांबली. रूपसिंगने सरकारी उपचाराचं कार्ड पुढे केलं. कार्ड खरं होतं. यंदा त्यातून साप तेवढा वगळला होता. गाडी तशीच पुढे निघाली आणि पुढच्या वळणावर बिजलीबाईचं तोंड कायमचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तिला परत आणलं तेव्हा कमानीखाली आमदारसाहेब आरोग्यावर बोलत होते. गाडी थांबली. साहेब कळवळले. गळ्यातला एक हार काढून त्यांनी तिच्यावर घातला.

"साहेब, खालच्या कप्प्यात औषध हवं होतं," नाहिद सिस्टर म्हणाल्या, "हार नव्हे."

"पुढल्या बजेटात बघू, ताई," साहेब म्हणाले.

रूपसिंगने हाराला हात लावला आणि दचकून मागे घेतला. हार गारेगार होता, एक पाकळी सुकली नव्हती. तेवढं काम मी चोख केलं होतं.

मित्रांनो, तुमच्यातले काही मोठेपणी आमदार होतील. कात्री हातात आली की आधी माझं दार उघडून बघा. आणि आज जे आमदार आहेत त्यांना तुम्ही पत्र लिहा, हात वर करण्याआधी मिळेल असं. बिजलीबाईचा कापूस अजून घरातच आहे, रूपसिंग त्यालाच टेकून झोपतो. मी चालू आहे. आतली रिकामी हवा ठरलेल्या तापमानात जपून ठेवतो आहे.