मोरीच्या दारामागचा ओळंबा

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की नाही, हे दोरीला लटकून सांगणं माझं काम. आणि मित्रांनो, खोटं कशाला सांगू, पाच वर्षं मी सूड घ्यायला टपून बसलो होतो.

माझे मालक दौलत गवंडी. भोईवाड्याच्या चाळीत राहायचे. आम्ही दोघांनी पार नायगावपर्यंत भिंती उभ्या केल्या. ते मला कधी जमिनीवर टेकवत नसत. संध्याकाळी पुसून खिळ्याला टांगत. ते गेले आणि त्यांच्या मुलाने, राहुलने, माझ्या टोकाने सुपारी फोडली! माझं टोक बोथट झालं. मग गंजक्या खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलं. तेव्हाच ठरवलं, याची फजिती बघितल्याशिवाय राहायचं नाही.

राहुलच्या मोरीला नुसता पडदा होता. त्याची बायको दर्शना तीन वर्षं दार मागत होती. पडद्याआड अंघोळ करताना तिचा अर्धा जीव बाहेर असायचा. शेवटी राहुल म्हणाला, "दार मीच बसवतो." चौकट सरळ आहे का, ते बघायला त्याने मोबाइलमधलं सरळपणा मोजायचं अ‍ॅप उघडून मोबाइल चौकटीला लावला. मोबाइलच्या पाठीला बोट अडकवायची कडी. ती मध्ये आली आणि मोबाइल तिरका टेकला. मी डब्यातून बघत होतो. मनात म्हटलं, बसव बाळा, बसव.

रविवारी दार लागलं. आतली कडी काढली की ते आपोआप बाहेर उघडून स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटायचं. लोटलं, पुन्हा उघडलं.

"बापाचा ओळंबा काढ की रे," राहुलची आई मीराबाई म्हणाली.

त्याने मला चौकटीला धरलं. मी जराही हललो नाही. चौकट बोटभर बाहेर! राहुलचा चेहरा पडला. इतका गोड दिवस मला पाच वर्षांत दिसला नव्हता.

"उखडतो सगळं!" त्याने पहार उचलली.

दर्शना दारात आडवी आली. "हात लावून तर बघ! परत पडदा लावलास ना, तर तूच कर त्यात अंघोळ."

"ठेव ती पहार, मेल्या," मीराबाई म्हणाली. "ही मोरी तुझ्या बापाने बांधली. पाणी जाळीकडे जातं काय? चाळीस वर्षं झाडूने लोटतेय मी. म्हणून मोरी मोडली का मी?"

मित्रांनो, माझी हवाच गेली. त्या मोरीच्या भिंतींना मीच लटकलो होतो. भिंती सरळ म्हणून केवढा मिरवलो, आणि तळाचा उतार उलटा!

राहुलने पहार खाली ठेवली. दर्शनाने माझ्या दोरीचं टोक दाराला बांधलं, दोरी चौकटीवरच्या खिळ्यावरून मोरीत घेतली आणि मला लटकत सोडलं. दार उघडलं की मी वर जातो. सोडलं की खाली येतो आणि दार ओढून घेतो.

तुमच्या घरी कुणी आपल्या हाताने काही बसवलं आणि ते बोटभर तिरकं झालं, तर लगेच पहार शोधू नका. ती चौकट सरळ असती, तर मी अजून डब्यातच गंजत्या खिळ्यांत पडलो असतो.

आणि सुपारीचं म्हणाल, तर ते मी विसरलेलो नाही. राहुल सकाळी घाईत अंघोळीला शिरला की मी त्याच्या टाळक्यावर टेकतो. रोज. टोक त्यानेच बोथट केलंय, म्हणून वाचतो.