अस्वलांना सावध करणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे, अस्वलांची. जपानातल्या एका डोंगरगावात रानवाटेच्या तोंडाशी खांबाला टांगलेली. रानात शिरताना माझी दोरी तीनदा ओढायची, म्हणजे अस्वल आवाज ऐकून बाजूला होतं. तीस वर्षं मी हे काम चोख केलं. लाकूडतोडे परतताना माझ्या अंगावर थाप मारून जायचे.

मग मात्सुमोतो शहरातून सहलीची बस येऊ लागली. चाळीस मिनिटांत गाव, चहा, फोटो. पाहुणे रानात पाऊल टाकत नाहीत, पण मला मात्र बडवतात. एक वाजवतो, दुसरा फोटो काढतो, मग जागा बदलतात. मला अगदी वीट आला. गावाचेही कान किटले. तेव्हा बसच्या गाईड मिनेगिशीबाई मिठाईचे खोके घेऊन दारोदार वाकून माफी मागून आल्या. बस थांबलेली असेपर्यंत त्या माझ्या लोलकाला पंचा बांधू लागल्या. निघताना आठवणीने सोडायच्या.

एका शनिवारी पावसाची सर आली. बाई माणसं गोळा करत बसकडे पळाल्या. पंचा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गावातली तोमेआजी टोपली घेऊन आली. रानात चेस्टनटची फळं पडायचे दिवस, माणसांना आवडतात तशी अस्वलांनाही. आजी ठार बहिरी. तिने सवयीने तीनदा दोरी ओढली, मान डोलावली आणि धुक्यात शिरली. तोंडात बोळा कोंबलेल्याने ओरडावं कसं?

दहाला बस आली. बाईंना पंचा दिसला.

"आजी कुठंय?" त्यांनी चहावाल्या कितादझुमेंना विचारलं.

"चेस्टनट वेचायला गेलीय सकाळीच. का हो?"

बाईंनी ओली गाठ दातांनी सोडली आणि दोरी धरली. दमल्यावर पाहुण्यांना म्हणाल्या, "आता वाजवा. थांबू नका." तीस माणसांनी पाळीपाळीने वाजवलं. कोणी फोटो काढला नाही.

अर्ध्या तासाने आजी उतरून आली.

"काय गं, कोणी मेलंबिलं की काय?" ती बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाली.

बाईंनी हातांचे पंजे करून दाखवले.

"अस्वल? होतं की. झाडापलीकडे ते खात होतं, अलीकडे मी वेचत होते. म्हटलं, घंटा वाजवलीय, हे कसं काय आलं? एवढ्यात त्याने कान टवकारले नि धूम ठोकली. भित्रं मेलं."

बाई तिथेच चिखलात बसल्या.

आता त्या मला बांधत नाहीत. बसमध्येच पाहुण्यांना सगळं समजावतात. पाहुणे माना हलवतात, खाली उतरतात आणि मला बडवतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी अशा सहलीला याल. वाटेने चालणार असाल तर मला खुशाल वाजवा. नसाल, तर हात खिशात राहू द्या. तुमची बस निघून जाते. त्यानंतरही या गावात माणसं राहतात, आणि त्यांना रानात जायचं असतं.