रस्ता मोकळा नाही

वरच्या स्टेशनवरची बाई खोटं बोलायला लागली ती वयाच्या साठाव्या वर्षी, तेही टेलिफोनवर. सवय नसल्यामुळे पहिलंच खोटं भलतं मोठं निघालं.

"लाईनवर झाड पडलंय," ती म्हणाली. "गाडी सोडू नका."

डोंगर बघायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी मालकांनी ही तीन डब्यांची आगगाडी चालवली होती. रूळ एकच, म्हणून नियमही एकच: वरून बाईनं 'रस्ता मोकळा' म्हटल्याशिवाय खालून गाडी हलायची नाही. सव्वीस वर्षांत तो नियम खुद्द मालकांनीही मोडला नव्हता. एकदा बाई कपडे वाळत घालत राहिली आणि भरलेली गाडी वीस मिनिटं खाली खोळंबली, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही.

महिन्यापूर्वी मालक गेले. मुलाचं सगळं बिऱ्हाड दूरच्या शहरात, त्याला गाडीचं वेड नव्हतं. त्यानं ती बंद करायची ठरवली आणि तसं सगळ्यांना नीट बोलावून सांगितलं. एकच फेरी उरली होती. रिकामी गाडी वर जाणार, बाईला सामानासकट खाली आणणार, मग रूळ उखडणार.

सामान ते काय? स्टेशनमागच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक शिवणयंत्र. खाली भाचीनं खोली देऊ केली होती. भाची वाईट नव्हती. पण तिथे रोज सकाळी कुणी फोन करून "बाई, झोप लागली का रात्री?" असं विचारणार नव्हतं. मालक विचारायचे. आधी झोपेचं, मग रस्त्याचं. ती झोपेबद्दल पाच-सहा वाक्यं बोलायची आणि रस्त्याबद्दल दोन शब्द. एवढ्यावर तिचे दिवस निघाले होते. हे कुणाला सांगावं तर लोक नको तो अर्थ काढणार, म्हणून ती गप्प राहिली.

तर झाड. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी मालकांच्या मुलाचा आवाज चढला.

"मावशी, एवढं कसलं झाड आहे?"

"जुनं आहे रे. मुळासकट आलंय."

"माणसं पाठवू का?"

"कशाला? मी तोडतेय थोडं थोडं."

कुऱ्हाड तर सोडाच, तिच्याकडे धड विळीही नव्हती.

चौथ्या दिवशी फोन वाजलाच नाही. ती सकाळभर त्याच्याशेजारी बसून राहिली. दुपारी रुळांमधून गुडघा धरत धरत ड्रायव्हर चालत येताना दिसला. तिनं चहा टाकला.

"झाड नाहीये," कप पुढे करत ती म्हणाली.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. पान हलत नव्हतं त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला तरी कुठे घाई होती, बाई? तुमचा होकार येईपर्यंत इंजिन पेटतं ठेवायचं, नियमच आहे तसा. रात्री आग मंद करून तिथेच शेजारी पडत होतो."

"मग आज कसे आलात?"

"कोळसा संपला. त्या एका फेरीपुरताच होता. धाकटे मालक म्हणाले, आता नवा नको."

तिला ते समजायला वेळ लागला. गाडी येणार नव्हती. आज नाही, उद्याही नाही. सव्वीस वर्षं ती हिरवा झेंडा धरून गाडीला निरोप देत आली होती. शेवटच्या फेरीला आपण खिडकीशी बसायचं, हे तिनं कधीचं मनाशी धरलं होतं. फक्त आज नको, उद्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"इंजिन गार झालं?"

"पहाटे. मी हात लावूनच बसलो होतो."

तेव्हा तिला रडू फुटलं. मालक गेले त्या वेळी चारचौघांत रडायचा तिला धीर झाला नव्हता. ते सगळं आता बाहेर आलं. ड्रायव्हर उठला नाही, समजूतही घालायला गेला नाही. चहा गार होईपर्यंत कप नुसता हातात धरून बसला.

"सामान हमाल नेतील मागाहून," शेवटी तो म्हणाला. "आपण अंधाराच्या आत उतरायला हवं. चालत चार तास लागतात."

खाली जायला चालत किती वेळ लागतो, हे तिनं सव्वीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.