उजवा सुळा

दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई, खुर्चीत आडव्या झाल्या, पण तोंड उघडेनात.

"आज दात दाखवायचे नाहीत का?" डॉक्टर जांदिरांनी विचारलं.

"डावीकडचा बघ ना, पोरी. तो झकास आहे."

झुल्मिरा शाळेच्या स्वयंपाकघरात भात आणि काळा घेवडा रांधायच्या. जोरजोरात घासून त्यांचे दोन्ही सुळे हिरडीपाशी झिजले होते. फिलिंग कुठल्या पद्धतीने जास्त टिकतं, याचा अभ्यास जांदिरा कॉलेजच्या दवाखान्यात करत होत्या. डाव्या सुळ्याला आधी आम्ल लावून, ते धुऊन, मग चिकटवण्याचा द्रव. उजव्याला धुण्याची भानगडच नाही, सगळं एका बाटलीत. ही दुसरी पद्धत जांदिरांची लाडकी. उजवा भरून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "याने माझी लाज राखली पाहिजे हं."

अखेर झुल्मिरांनी ओठ सोडले. उजवीकडची हिरडी लालभडक होती. जांदिरांनी हत्याराचं टोक लावलं मात्र, फिलिंग निघून हातात आलं. मागे पिवळट, कडक थर.

"हे काय लावलंय?"

"चपलेचा गोंद." झुल्मिरा छताकडे बघत राहिल्या. "सान ज्वांवच्या जत्रेत शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. मोह आवरला नाही. तुकडा पडला. तू किती मन लावून भरलं होतंस. माझ्यापायी तुझी फजिती नको, म्हणून परत बसवला. त्या बाजूने चावतच नाही मी."

लाज राखण्याचं ते वाक्य आपण आणखी किती जणांना ऐकवलं, ते जांदिरांना आठवेना.

"चूक तुमची नाही. टिकतं की पडतं, एवढंच बघायचं होतं."

"म्हणजे पडलं तरी चाललं असतं?"

"पडलं, हेच तर कळायला हवं होतं."

झुल्मिरा हळूच म्हणाल्या, "उगाच दुखणं काढलं म्हणायचं."

जांदिरांनी मदतनीस बाईंना सांगितलं, "उजवा सुटला, असं लिहा. आणि अभ्यासातल्या बाकीच्या सगळ्यांना पुन्हा बोलवा. त्यांचे दात मी तपासणार नाही, माझ्यापासून तेही लपवतील; दुसरं कुणी तपासू दे."

त्यांनी गोंद खरवडून काढला, सुळा नव्याने भरला. या वेळी आम्ल लावून, धुऊन. भरताना लाज राखण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

झुल्मिरांनी चूळ भरली. थुंकायच्या भांड्याच्या कडेवर गुलाबी थेंब उडाले. त्यांनी बाहीच्या टोकाने ते पुसायला घेतले.

"राहू द्या, दोना झुल्मिरा."

"झालंच," त्या म्हणाल्या, आणि कड कोरडी होईपर्यंत पुसत राहिल्या.